पाचवा ठोका

सकाळी सहा वाजता माल्सुनने भिंतीवर तीन ठोके मारले आणि तळवा तिथंच टेकवून ठेवला. पलीकडून दोन ठोके आले. मग जरा थांबून आणखी एक, अगदी हलका, 'कळलं गं' म्हणून मान हलवावी तसा.

"आज येतेय मी," माल्सुन भिंतीला म्हणाली. "ऐंशीची झालीस. सूप आणतेय. कुठं पळून जाऊ नकोस."

भिंतीला बोलणं कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. भिंतीपलीकडे ओक्बुन राहत नाही, हेही ठाऊक होतं. ओक्बुनच्या घरात आता कॉफीचं दुकान होतं आणि ती स्वतः तीन वर्षांपासून चार तासांवरच्या डोंगरात एका वृद्धालयात होती. पण ठोके तिचे होते. ते माल्सुनच्या तळव्याला साठ वर्षांच्या ओळखीचे वाटत, जरी ओळख त्याहून थोडी कमीच होती.

तिने वाढदिवसाचं समुद्रशेवाळाचं सूप डब्यात भरलं, डबा दोन टॉवेलांत गुंडाळला, आणि ती पायऱ्या उतरू लागली.

बुसान बंदराला लागून योंगदो नावाचं बेट आहे. त्याच्या उतारावर ही वस्ती. लढाईतून पळून आलेल्या माणसांनी मिळेल त्या फळ्या आणि पत्रे लावून ती उभी केली, तेव्हा घरांमध्ये जागा सोडायचं कुणाला सुचलं नाही. एकाचं छप्पर ते वरच्याचं अंगण. एकीनं मासा तळला की सात घरांना भूक लागायची. आता निम्म्या घरांना रंग देऊन त्यांची दुकानं झाली होती आणि बाहेरगावची पोरं समुद्राकडे पाठ करून फोटो काढत उभी राहत. पण भिंती त्याच होत्या. दोन घरांना मिळून एक.

शेवटच्या पायरीवर जाळी दुरुस्त करत बसणारा पे नावाचा म्हातारा होता. माल्सुनला ऐकू येत नाही म्हणून तो तिच्याकडे तोंड करून, ओठ मोठे हलवून बोलत असे.

"एवढी नटून कुठं? दुसरं लग्न ठरलं की काय?"

"ठरलंय. तुला बोलावणार नाही, तू फार खातोस."

"ओक्बुनकडे ना? तिला सांग, माझी छत्री तिच्याकडे राहिलीय. एकोणीस वर्षं झाली."

"सांगते. भिजलास तर मरणार नाहीस," असं म्हणून माल्सुन बसथांब्याकडे वळली.

बस पूल ओलांडताना खाली गोदी दिसली. कोरड्यात ओढून घेतलेल्या एका जहाजाच्या पोटावर पाच-सहा यंत्रं गोगलगायीसारखी चिकटली होती आणि पाण्याच्या फवाऱ्यानं गंज सोलत होती. जवळपास माणूस नव्हता.

तिच्या वेळी हे काम बायका करत. जहाजाच्या बाजूनं दोरांवर एक फळी सोडायची, तिच्यावर दोघीजणी बसायच्या, आणि हातोडीनं ठोकठोक करून गंज आणि शिंपले पाडायचे. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. दोनशे बायका, दोनशे हातोड्या. सारं बेट त्या आवाजानं थरथरायचं. बायांचे कान पाच-सहा वर्षांत जायचे. मग त्या घरी मुलांवर ओरडून बोलायच्या, आणि मुलांना वाटायचं आई नेहमी रागावलेली असते.

माल्सुन एकोणिसाव्या वर्षी फळीवर बसली. शेजारी ओक्बुन होती, तिच्याहून तीन वर्षांनी थोरली, म्हणून तिची ओन्नी, म्हणजे ताई. आवाजात बोलणं अशक्य, म्हणून फळीवरच्या बायकांची स्वतःची खूण होती. पत्र्यावर एक ठोका म्हणजे फळी वर घ्या. दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे जेवायची वेळ झाली. आणि चार ठोके मारून हात थांबला, तर त्याचा अर्थ एकच: कुणीतरी पडलं.

पहिल्याच दिवशी माल्सुनचा हात थकून नेमका चारवर थांबला. वरचे मुकादम धावले, शेजारच्या फळ्यांवरच्या बायका माना वळवून खाली बघू लागल्या. तेवढ्यात ओक्बुननं हात लांब करून पाचवा ठोका मारला. सगळे परत कामाला लागले.

"चारवर कधी थांबायचं नाही," जेवणाच्या वेळी ओक्बुन तिच्या तोंडात भाताचा गोळा कोंबत म्हणाली. "आणि थांबलीसच, तर पाचवा मी मारीन. मी आहे तोवर घाबरू नकोस."

त्यानंतर सव्वीस वर्षांत माल्सुननं खरे चार ठोके एकदाच ऐकले. त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

ओक्बुनचा नवरा उत्तरेच्या समुद्रात बोटीसकट गेला होता. मूल नव्हतं. माल्सुनचं लग्न झालं, मुलगी हेग्योंग झाली, नवरा आजारपणात गेला, तेव्हाही भिंतीपलीकडे ओक्बुन होतीच. दोघींचे कान गेल्यावर त्या भिंतीवर बोलू लागल्या. सकाळी सहाला इकडून तीन ठोके, तिकडून दोन: मी जिवंत आहे, तू आहेस का. माल्सुनला खोडी काढायची लहर आली की ती चार मारून थांबायची. लगेच पलीकडून पाचवा आदळायचा, आणि मागोमाग दारातून ओक्बुनचं डोकं यायचं: "मेले, जीव घेशील माझा एक दिवस."

एकदा मुळे चिरता चिरता ओक्बुन म्हणाली होती, "मी गेले की माझं ताट तू मांडायचंस. पहिलं वर्ष तरी चुकवू नकोस. पहिल्या वर्षी वाट सापडत नाही म्हणतात."

"आणि मी आधी गेले तर?"

"तुला पोरगी आहे. मला तूच."

इथं माणूस ज्या दिवशी जातं त्या दिवशी दरवर्षी त्याचं ताट मांडतात. दार उघडं ठेवतात, भातात चमचा उभा रोवतात. गेलेलं माणूस येतं, जेवतं आणि जातं. ज्याचं ताट कुणी मांडत नाही, ते उंबऱ्याउंबऱ्यावर थांबत फिरतं. माल्सुन या गोष्टी खऱ्या मानत होती का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. शब्द दिला होता, एवढं तिला पुरे होतं.

ओक्बुनचे पाय गेले आणि पुतण्यानं तिला डोंगरातल्या वृद्धालयात ठेवलं, तेव्हा हेग्योंगनंच मार्ग काढला होता. ती कंपनांची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर होती. दोन वर्षं आधीच तिनं प्रयोग म्हणून त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढी चकती बसवली होती. चकतीत एक स्फटिक होता. त्याला धक्का बसला की त्यातून किंचित वीज निघते, आणि उलट वीज दिली की तो स्वतः धक्का देतो. दोन वर्षं त्या चकत्या दोघींचे ठोके नुसते टिपत राहिल्या. मग ओक्बुनबरोबर तिची चकती गेली आणि तिच्या पलंगाच्या उशाशी लागली. इकडचा ठोका तिकडे, तिकडचा इकडे.

जाताना ओक्बुननं बजावलं होतं, "भेटायला येऊ नकोस. मला कुणी पुसतंय, धुतंय, हे तू बघायचं नाहीस. मी बरी झाले की बोलावीन." माल्सुनच्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही तेव्हाच झाली. असं करता करता तीन वर्षं गेली. पहिली दोन वर्षं ओक्बुनचे ठोके हळू पडत गेले होते. यंदा मात्र ते पुन्हा खणखणीत झाले होते. माल्सुननं पे म्हाताऱ्याला सांगितलंही होतं, "डोंगराची हवा मानवली हो तिला."

वृद्धालयाच्या टेबलाशी एक तरुण मुलगी बसली होती. माल्सुननं नाव सांगितलं, सुपाचा डबा पुढे ठेवला. मुलीनं पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि काहीतरी बोलली. माल्सुननं कानावर हात ठेवून मान हलवली. मग मुलीनं पाटीसारख्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तो तिच्याकडे फिरवला.

'आजी, ओक्बुन आजी गेल्या वर्षी २२ नोव्हेंबरला वारल्या.'

माल्सुननं ते वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं.

"दुसरी कुणी असेल," ती शांतपणे म्हणाली. "आज सकाळी सहाला ती माझ्याशी बोलली."

मुलीच्या चेहऱ्यावरची दया पाहून तिला पहिल्यांदा भीती वाटली. मुलगी आत जाऊन एका वयस्कर नर्सला घेऊन आली. नर्स समोर बसली आणि हळूहळू ओठ हलवत बोलली. झोपेतच गेल्या. पहाटे. उजवा हात उशाच्या फळीला टेकलेला होता. पुतण्याचा फोन बंद होता. कागदावर दुसरं कुणाचं नाव नव्हतं. ज्यांचं कुणी नसतं त्यांच्यासारखं सगळं केलं. रक्षा नगरपालिकेच्या दालनात आहे, पाच वर्षं ठेवतात.

"ज्यांचं कुणी नसतं," माल्सुन म्हणाली.

बावीस नोव्हेंबरपासून आजच्या तेरा नोव्हेंबरपर्यंत किती सकाळी होतात, याचा हिशेब तिचं डोकं आपोआप करू लागलं आणि मध्येच थांबलं. साडेतीनशेहून जास्त सकाळी तिनं तळवा भिंतीला टेकवला होता. साडेतीनशेहून जास्त वेळा कुणीतरी उत्तर दिलं होतं.

नर्सनं एक खोका आणून दिला. खरं तर नात्याबाहेरच्यांना देता येत नाही, पण घेऊन जा, म्हणाली. आत एक स्वेटर, दातांची डबी, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली हातोडी, आणि ती चकती. चकतीवरचा दिवा विझलेला होता.

"सूप इथल्या बायकांना वाढू का?" नर्सनं विचारलं.

"वाढा," माल्सुन म्हणाली. "गरम करून वाढा."

दुसऱ्या दिवशी हेग्योंग पुलापलीकडून आली तेव्हा चकती टेबलाच्या मधोमध ठेवलेली होती. हेग्योंगनं ती पाहिली आणि कोट न काढताच खाली बसली. ती काहीच विचारत नाही, हे माल्सुनच्या लक्षात आलं, आणि तिला दुसऱ्यांदा धक्का बसला.

"तुला माहीत होतं."

"ओम्मा..."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून." हेग्योंग आईकडे तोंड करून बोलत होती, लहानपणापासूनच्या सवयीनं, एकेक शब्द सुटा करत. "संपर्क तुटल्याची सूचना माझ्याकडे येते. नेट गेलं असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. जानेवारीत चौकशी केली, तेव्हा कळलं."

"मग भिंतीत कोण आहे?"

हेग्योंगनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "कुणी नाही. ऐक. इथून तिथं ठोका जायला वेळ लागतो. डोळ्याची पापणी लवते तेवढाच. पण तुम्ही दोघी हातोडीवाल्या. तेवढा उशीरही तुमच्या हातांना चालेना. आठवतं? पहिल्या आठवड्यात तू म्हणालीस, ओन्नी दारू पिऊन ठोकतेय. म्हणून आम्ही चकतीला शिकवलं की वाट बघायची नाही. ओक्बुन मावशी आता काय मारेल याचा अंदाज बांधायचा आणि मारून मोकळं व्हायचं. खरा ठोका मागून आला की अंदाज सुधारायचा. चकतीजवळ दोन वर्षांचे ठोके होते, अंदाज चुकायचेच नाहीत. नेट गेलं तरी ती मधली जागा भरून काढायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं."

"एक वर्ष?"

"किती वेळ भरायचं आणि कधी गप्प बसायचं, हे कुणी लिहिलंच नव्हतं. माझंच काम होतं ते. तिची चकती खोक्यात गेली. तुझी भरत राहिली. शेवटी शेवटी मावशीचा हात थकला होता, पण चकतीकडे जुने ठोके जास्त होते. म्हणून यंदा ते..."

"खणखणीत झाले," माल्सुन म्हणाली.

"मी जानेवारीत सांगायला आले होते. तू भिंतीला टेकून हसत बसली होतीस. मला म्हणालीस, बघ, आज थट्टा करतेय माझी. मग मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. तू जेवत होतीस, ओम्मा. फिरत होतीस. पलीकडच्या गल्लीतल्या आजी मैत्रीण गेल्यावर तीन महिन्यांत गेल्या."

"आणि ताट?"

हेग्योंगला समजलं नाही.

"बावीस तारखेला वर्ष होतं. तिचं ताट. मी सूप घेऊन गेले नसते तर तू तो दिवस असाच जाऊ देणार होतीस."

"मला आठवलंच नाही," हेग्योंग म्हणाली. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माल्सुनला ते जास्त लागलं. तिनं पोरीला चहा विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

जाता जाता हेग्योंग दारात वळली. "बंद करू का आत्ता? फोनवरून होतं."

माल्सुननं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती जागी होती. हात पांघरुणात घट्ट धरून ती पडून राहिली. सहा वाजून गेले. मग पाठीला, अंथरुणातून, जमिनीतून, तिला ते जाणवलं. दोन ठोके. थोड्या वेळानं पुन्हा दोन, जरा जोरात. ओक्बुन असंच करायची. उठलीस का गं. काय झालं. माल्सुननं उशी डोक्यावर घेतली. पण ती बहिरी होती. उशीचा काय उपयोग. भिंत पंधरा मिनिटं तिची विचारपूस करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी माल्सुन उठली, भिंतीशी गेली आणि तिनं तीन ठोके मारले. पलीकडून दोन आले, मग तो हलका एक. तिला रडू फुटलं. सुटल्यासारखं वाटलं म्हणून फुटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. पुढचे सगळे दिवस ती रोज ठोकत राहिली. पे म्हाताऱ्याला तिनं काहीच सांगितलं नाही. तो छत्रीचं विचारायचा आणि ती म्हणायची, विसरले.

एकवीस तारखेला मुळे चिरताना तिची सुरी थांबली.

भिंतीत जर ओक्बुन रोज जिवंत असेल, तर उद्या ताटावर कोण येणार? बाहेर जिन्यावर, उघड्या दारापाशी एक ओक्बुन उभी राहणार, वर्षभर उपाशी. आणि आत दुसरी, ठणठणीत, माल्सुनशी गप्पा मारत असणार. बाहेरची आत डोकावेल आणि म्हणेल, हिला माझी गरज नाही. आणि पुढच्या उंबऱ्याकडे जाईल.

तिनं हेग्योंगला निरोप धाडला: 'उद्या संध्याकाळी ये. फोन घेऊन ये.'

बावीसला संध्याकाळी सहालाच अंधारून आलं. हेग्योंग पेअर आणि वाळवलेला मासा घेऊन आली आणि भांडी पुसू लागली. दोघींनी मिळून ताट मांडलं. भात दाबून, डोंगर करून. मुळ्याची किमची, कोबीची नाही. शेवटी द्यायला करपलेल्या भाताचं गरम पाणी, कारण ओक्बुनला पातेल्याचा तळ खरवडून लागायचा. फोटो नव्हता, म्हणून फोटोच्या जागी माल्सुननं काळ्या पट्टीची हातोडी ठेवली. दार उघडलं. खालच्या बंदराचे दिवे आणि गार वारा आत आला.

"आता बंद करू?" हेग्योंगनं विचारलं.

"थांब. तिला आधी सांगायला हवं."

माल्सुननं ताटापुढची हातोडी उचलली. ती भिंतीपाशी गेली, डावा तळवा भिंतीला टेकवला, आणि उजव्या हातानं ठोके मारले. एक. दोन. तीन. चार. आणि हात थांबवला.

कुणीतरी पडलं. एवढंच सांगायचं होतं.

पाचवा ठोका ताबडतोब आला. जोरात, घाईचा, जराही उसंत न घेता, अगदी फळीवरून हात लांब करून मारल्यासारखा.

माल्सुनचा तळवा पोळल्यासारखा मागे आला. तिच्या हातातून हातोडी पडली. हेग्योंग धावली.

"ओम्मा? काय झालं?"

"तुम्ही हे शिकवलंत तिला? पाचवा मारायला?"

"काय पाचवा? आम्ही काही शिकवलं नाही. ती करायची ते सगळं आत गेलं, बस." हेग्योंग आईच्या तोंडाकडे बघत होती. "ओम्मा, चारचं काय असतं?"

इतक्या वर्षांत पोरीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. माल्सुननं सांगितलं. फळी, दोर, मुकादम, भाताचा गोळा. तो एक खरा दिवसही सांगितला: कोण पडली, किती उंचावरून, आणि ओक्बुननं त्या दिवशी चौथ्या ठोक्यानंतर हातोडी पोटाशी कशी धरून ठेवली होती, हात आपोआप पुढे जाऊ नये म्हणून. हेग्योंग जमिनीवर बसून ऐकत होती. भात निवत चालला होता.

"मी चुकले," हेग्योंग म्हणाली. "जानेवारीत सांगायला हवं होतं."

"हो," माल्सुन म्हणाली. "चुकलीस." मग तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधारानं हातोडी उचलली. "ते बटण कुठंय?"

"हे. मी दाबू?"

"मी चौथा मारला की दाब. आधी नको. उशीरही नको. तिचा हात फार चलाख आहे."

हेग्योंगनं फोनवर अंगठा धरला. माल्सुन ताटाशी परतली, भाताच्या डोंगरात चमचा उभा रोवला आणि पुन्हा भिंतीशी येऊन तळवा टेकवला.

एक. दोन. तीन.

चार.

तळव्याखाली भिंत होती. भिंतीपलीकडे कॉफीच्या दुकानात कुणीतरी खुर्ची सरकवली, एवढं जाणवलं. दुसरं काही आलं नाही. माल्सुनचा उजवा हात स्वतःहून पुढे निघाला, पाचवा मारायला, आणि तिनं हातोडी पोटाशी घट्ट धरली.

मग तिनं दाराकडे पाहिलं.

"ये ओन्नी," ती म्हणाली. "निवतंय."